आजोबांच्या सात बरगड्या

काल संध्याकाळी शंकरनगरच्या पानठेल्यावर आमच्या एक्स-रेवाल्या मित्रानं विषय काढला. ऐंशी पार केलेले एक आजोबा त्याच्याकडे छातीचा फोटो काढायला आले होते. डावीकडच्या वरच्या सात बरगड्या जवळपास नाहीतच. तरुणपणी टीबी झाला, तेव्हाचं ऑपरेशन.

"खाटीकखाना होता बे तो," औषधांचं दुकान चालवणारा मित्र तडकला. "टीबी फुफ्फुसात, अन् हाडं कापून राहिले!"

"हात मोडला तर प्लास्टर घालतो नं आपण? तसंच होतं ते," एक्स-रेवाला म्हणाला.

मग त्यानं नीट सांगितलं. 1888 मध्ये इटलीत फोर्लानिनी नावाच्या डॉक्टरनं सुईनं छातीच्या पोकळीत नायट्रोजन भरला. फुफ्फुस मिटतं, टीबीनं पाडलेल्या भगदाडाच्या भिंती एकमेकींना टेकतात, जखम भरायला वाव मिळतो. पण शरीर वायू शोषून घेतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा सुई, असं कित्येक वर्षं. फुफ्फुस छातीला आतून चिकटलेलं असेल तर वायू शिरतच नाही. मग बरगड्याच काढायच्या, म्हणजे छातीची भिंत आत बसते. दोन-तीन टप्प्यांत, अनेकदा फक्त तेवढी जागा बधिर करून. माणूस जागा असायचा. हे ऐकून ठेल्यावर कोणी बोलेना.

मी मात्र दोघांशीही भांडलो. क्रौर्य नव्हतं, तेव्हा औषधच नव्हतं. पण उपयोग किती झाला हे कसं ठरवायचं? ऑपरेशन सोसेल असाच रुग्ण निवडायचे. तो जगला तर श्रेय ऑपरेशनचं की त्याच्या ताकदीचं?

याउलट स्ट्रेप्टोमायसिन या टीबीवरच्या औषधाची ब्रिटनमधली चाचणी पाहा, 1948 मध्ये छापून आलेली. दोन्ही फुफ्फुसं बिघडलेले, फुफ्फुस मिटवायचा उपाय चालणारच नाही असे 107 तरुण रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी. 55 जणांना औषध, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले 4 गेले, दुसऱ्यांतले 14.

"म्हणजे त्या चौदांना औषध दिलंच नाही?" औषधवाल्या मित्रानं विचारलं.

"होतंच मोजकं, भाऊ. सगळ्यांना पुरलं नसतं."

त्याला ते पटलं नाही. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "आजोबांचं ऑपरेशन कधीचं?"

"1960 च्या सुमाराचं."

"मंग टीबीचं आयसोनियाझिड तर 1952 लाच आलं होतं. यांना गोळ्या कायले नाही मिळाल्या?"

एक्स-रेवाल्यानं ते विचारलंच नव्हतं. आजोबा गुरुवारी रिपोर्ट न्यायला येणार आहेत. आम्ही दोघंही जाणार आहोत.