ई-मेल कुणाचा टाकायचा?

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नाव आलं 'अण्णा डेअरी'. या वेळेला डेअरीतून फोन म्हणजे एक तर दुधातली फॅट मोजणारं मशीन बंद पडलंय, नाहीतर मी लिहून दिलेला दुधाच्या हिशोबाचा प्रोग्राम. फॅट मशीनवाल्याला अण्णा आठनंतर फोन करतात, कारण त्याला झोप असते. मला नसते असा त्यांचा समज आहे.

"सायेब, कालच्याला नवा कॉम्प्युटर आणलाय. तुमचं काय चालंना झालंय. लायनीत माणसं हुबी हायत."

नवा कशाला आणला हे विचारायची गरजच नव्हती. गेले काही महिने त्यांच्या स्क्रीनवर पाटी येत होती. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अण्णांनी ती पाटी तालुक्याच्या दुकानदाराला दाखवली आणि त्याने सांगितलं, "व्हायरस येईल, बँकेतले पैसे जातील." अहो, त्या कॉम्प्युटरवर बँक नाही! त्यावर १४३ सभासदांचं दूध आहे, फॅट आहे, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) आहे आणि दर दहा दिवसांचं बिल आहे. नेट लागतं तेही दूध संघाला फाइल पाठवण्यापुरतं, चेअरमनच्या पोराच्या मोबाइलवरून. पण अण्णा घाबरले. कमिटीत ठराव झाला आणि संस्थेचे ४२ हजार रुपये गेले. जुना डबा दुकानदाराने दीड हजारात बदल्यात घेतला.

त्या जुन्या डब्यात काय बिघडलं होतं? काही नाही. २०१६ चा, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. रोज सकाळ-संध्याकाळ बिनतक्रार चालत होता. पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. म्हणजे धडधाकट बैल, फक्त दाखल्यावरची जन्मतारीख चुकीची म्हणून थेट बाजारात.

आणि २०१५ साली विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने परिषदेत उभं राहून सांगितलं होतं की विंडोज १० ही शेवटची विंडोज. ते ऐकून मी माझ्या गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत फिरलो, आता काळजी नाही, यापुढे हेच. तोंडावर पडलो ते मी. त्या माणसाला आमच्या वाळवा तालुक्यात कोण ओळखतंय!

असो. फोन चालूच. दुकानदाराने माझ्या प्रोग्रामचा नुसता फोल्डर उचलून नव्या मशीनवर टाकला होता. उघडला की एरर. अण्णा एकेक अक्षर वाचून दाखवत होते. "यम, यस, शी, वो, यम, यम, तीन, दोन..." मी अंथरुणात डोळे मिटले. एमएसकॉम३२.ओसीएक्स. फॅट मशीन आणि वजनकाटा ज्या सिरियल पोर्टवरून (कॉम्प्युटरमागची वायर खोचायची जुनी खाच) बोलतात त्याचा दुवा हाच. तो नव्या मशीनवर नोंदवलेलाच नव्हता. मग काळी खिडकी उघडायला लावून तोंडी कमांड सांगितली. "आर म्हणजे रामाचा का?" "हो, रामाचा." मागून कुणीतरी ओरडत होतं, "अण्णा, दूध नासतंय की!" वीस मिनिटांनी प्रोग्राम उघडला. अण्णांनी "उघाडला!" अशी आरोळी ठोकली ती माझ्या बायकोलाही ऐकू गेली.

खरी गंमत पुढे होती. नव्या मशीनला सिरियल पोर्टच नाही. दुकानदाराने यूएसबीला लावायची दोनशे रुपयांची केबल दिली होती. ती लावली तर विंडोजमध्ये तिचं नाव काय आलं असेल? "२०१२ पासून बंद, पुरवठादाराशी संपर्क साधा." खरंच, इंग्रजीत असंच्या असं. केबलमधली चिप बनवणाऱ्या कंपनीने (नाव घेत नाही) नव्या ड्रायव्हरमध्येच तशी सोय करून ठेवली आहे. जुनी किंवा नक्कल केलेली चिप दिसली की कामच करायचं नाही, फक्त ही पाटी दाखवायची. नक्कल करणारे चोर, मान्य. पण शिक्षा कुणाला? लायनीत किटली घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीला.

शेवटी अण्णांनी वहीत लिहून दूध घेतलं. मशीनवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा. पूर्वी लिहायचे तसंच.

मी तिथे पहिल्यांदा गेलो ते २००९ मध्ये. त्यांच्याकडे तेव्हा कुणीतरी करून दिलेला, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोतला प्रोग्राम होता, आणि तो करणारा पुण्याला जाऊन नोकरीला लागला होता. मी व्हीबी-सिक्स या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग भाषेत नवा लिहिला. आता कमेंटमध्ये लगेच कुणी तरी म्हणणार, २००९ ला व्हीबी-सिक्स? हो बाबा, त्याचा सपोर्ट २००८ मध्येच संपला होता, आणि मला ते माहीत होतं. पण मला येत तेच होतं, आणि अण्णांना प्रोग्राम दिवाळीच्या बोनसवाटपाआधी हवा होता. मराठी नावांसाठी डीव्हीबी-टीटी सुरेख फाँट. पहिलं बिल डॉट मॅट्रिक्सवर करकरत बाहेर आलं तेव्हा अण्णांनी कागद फाडून आधी स्वतःचं नाव वाचलं, मग फॅट. म्हणाले, "जोडाक्षर नीट आलंय." एवढं बोलून मला चहा पाजला. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी दाद तीच.

आणि हे लिहिताना राग जरा उतरतोय, कारण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९९८ च्या भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम आज विंडोज ११ वर उघडला. नुसता उघडला नाही, बिलसुद्धा काढेल. हे दुसरं कोण करतं? फोनवरचं ॲप दोन वर्षं हात लावला नाही तर कुजतं. विंडोजवाल्यांनी हे व्रत वर्षानुवर्षं पाळलं. विंडोज ९५ च्या वेळी सिमसिटी नावाच्या खेळात मेमरी वापरण्याची एक चूक होती. चूक त्या खेळाची, पण खेळ बंद पडू नये म्हणून विंडोजने स्वतःत तिच्यासाठी खास सोय केली. दुसऱ्याच्या पोराचं पाप पोटात घालण्यासारखं आहे हे. त्याच भरवशावर माझ्यासारखी एकेकटी माणसं तालुक्या-तालुक्यात उभी राहिली. पतसंस्था, रेशन दुकान, खताचं दुकान, ऊसतोडीचे हिशोब. कंपनी नाही, ऑफिस नाही, एक माणूस आणि एक मोटरसायकल.

आता तो भरवसा हलतोय असं मला वाटतं. प्रोग्राम मरत नाही, मशीन मेल्याचं जाहीर होतं. डॉसवरचा फॉक्सप्रो ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही आणि विंडोज ११ ही ३२ बिटमध्ये निघतच नाही, म्हणजे ते दार कायमचं बंद. माझ्यासारख्या अनोळखी माणसाचा प्रोग्राम नेटवरून उतरवून नव्या मशीनवर टाकायला गेलं की निळी पाटी: विंडोजने तुमचा पीसी वाचवला. कुणापासून? माझ्यापासून! ती पाटी टाळायची तर प्रोग्रामवर डिजिटल सही करण्याचं सर्टिफिकेट घ्या, दरवर्षी पैसे भरा, जून २०२३ पासून तर त्याची चावीही वेगळ्या हार्डवेअरमध्येच ठेवायची सक्ती. आणि एवढं करून पाटी लगेच जाईलच असं नाही, आधी तुमची पत तयार व्हावी लागते. माझी पत तयार आहे हो, वाळवा तालुक्यात विचारा.

सुरक्षेचं म्हणाल तर ठीक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने ब्रिटनमधल्या कितीतरी हॉस्पिटलांचं काम ठप्प केलं, अपडेट न केलेल्या विंडोजमधल्या भोकातूनच. हे मी नाकारत नाही. घरगुती विंडोज १० ला एक वर्षाची मुदतवाढ जाहीर झाली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, हेही खरं. पुढे?

पण मला सगळ्यात जास्त चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. नव्या मशीनचं सेटअप करताना विंडोजने ई-मेल मागितला. घरगुती विंडोज ११ आता नेट आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट असल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि ज्या आडवाटा होत्या त्या एकेक करून बुजवताहेत. अण्णांनी काल दुकानात विचारलेला प्रश्न मला आज सांगितला: "ई-मेल कुणाचा टाकायचा?"

सांगा ना कुणाचा. अण्णांचा? ते पुढच्या वर्षी निवृत्त. चेअरमनचा? निवडणुकीत पॅनेल पडलं तर? आमच्याकडे पॅनेल पडल्यावर माणूस कपाटाची किल्ली द्यायला तीन महिने लावतो, पासवर्ड देईल? संस्थेचा ई-मेल काढा म्हणाल, तर त्याला मोबाइल नंबर कुणाचा? शेवटी दुकानदाराने चेअरमनच्या पुतण्याचा टाकला. आता ऐका. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून कोरं इन्स्टॉल करून अकाउंटने आत शिरलं, की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ती सोडवायची लांबलचक चावी कुठे ठेवतात? त्याच अकाउंटात. म्हणजे १४३ घरांच्या दुधाचा हिशोब, आणि त्याची किल्ली पुतण्याच्या खिशात. तो पुतण्या सध्या विरोधी पॅनेलमधल्या एकाच्या मुलीच्या मागे आहे, असं अण्णा हळूच म्हणाले. ते जाऊ द्या.

हे कॅलिफोर्नियात किंवा मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या मुख्यालयात बसलेल्या कुणाला सुचलंही नसेल. त्यांच्या डोळ्यांसमोर 'युजर' म्हणजे एक माणूस, एक लॅपटॉप, एक ई-मेल. संस्था नावाची चीज, जिथे मशीन सगळ्यांचं आणि कुणाचंच नाही, ती त्यांच्या हिशोबातच नाही. इतकी वर्षं मी ज्या कॉम्प्युटरला "संस्थेचा" म्हणत आलो, तो आता कुणातरी एकाच्या नावावर भाड्याने दिल्यासारखा वाटतो.

लिनक्स टाका म्हणणाऱ्यांनो, थांबा. टाकलं होतं, माझ्या घरच्या मशीनवर. सिरियल पोर्ट झकास चालतो, मान्य. पण माझी बिलं, तो फाँट, ते रिपोर्ट सगळं नव्यानं लिहायचं म्हणजे वर्ष गेलं, आणि मी आता बावन्न वर्षांचा आहे. क्लाउडवर न्या म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे सहाला त्या गावात येऊन रेंज शोधून दाखवावी. मोबाइल ॲपवाल्या डेअऱ्या आहेत, चालतात, हेही माहीत आहे. पुढे सगळं तिकडेच जाईल बहुतेक. मी नसेन त्यात.

दुपारी अण्णांनी वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. पेनाची शाई, त्यावर दुधाचे थेंब, एका ठिकाणी ६.४ आहे की ६.९ ते कळेना. फोन केला तर न बघता म्हणाले, "म्हस दुसऱ्या वेताची हाय, चारच आसणार." सगळ्या नोंदी मी घरी बसून भरल्या. जुना डेटा गल्ल्यातल्या रबर लावलेल्या पेन ड्राइव्हवर होता, परवापर्यंतचा. तेवढं अण्णांनी मी शिकवल्याप्रमाणे पाळलंय.

संध्याकाळी अण्णा स्वतः तालुक्याला जाऊन दुकानदाराकडून जुना डबा परत घेऊन आले. दीड हजाराचे त्याने अठराशे घेतले. नेट तोडलं, फॅट मशीनची वायर मागच्या पोर्टात खोचली, आणि संध्याकाळचं दूध त्याच्यावर घेतलं. नवा कॉम्प्युटर सध्या पेंडीच्या पोत्यावर खोक्यात आहे, संघाला फाइल पाठवायला वापरू म्हणतात.

तर मित्रांनो, कुणाच्या माळ्यावर सहाव्या किंवा सातव्या पिढीचा, सिरियल पोर्टवाला जुना बोर्ड पडून असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. चालू असला पाहिजे. दोन मिळाले तर दोन घेतो.