छताचा आवाज

धरमपेठेतील आमच्या कट्ट्यावर परवा तर्री-पोह्याच्या प्लेटा रिकाम्या होण्याआधीच वाद पेटला. चिलीच्या सान होसे खाणीतील ३३ जण केवळ दैव बलवत्तर म्हणून वाचले, असे वकीलसाहेब सहज म्हणून गेले. कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे खालच्या कामावर देखरेख ठेवणारा, म्हणून उभी हयात काढलेल्या भाऊंना ते मुळीच पटले नाही. ५ ऑगस्ट २०१० रोजी खाण ढासळल्यानंतर सतरा दिवस ही माणसे जिवंत आहेत हे वरच्या जगाला ठाऊकही नव्हते, आणि त्या काळात त्यांनी ४८ तासांतून एकदा दोन चमचे ट्यूना मासा, घोटभर दूध आणि बिस्किट एवढ्यावर सर्वांना जगवले, गाड्यांच्या बॅटऱ्यांवर टोपीचे दिवे पेटते ठेवले. "वकीलसाहेब, दैव असे मोजून वाटत नाही," भाऊ म्हणाले. १९८९ मध्ये राणीगंजजवळच्या महाबीर खाणीत पाणी शिरल्यावर अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः पोलादी कॅप्सूलमधून खाली उतरले व ६५ जण वर आले, याचीही त्यांनी आठवण दिली. (चिलीचे कौतुक करताना आपल्याला ती राहत नाही.)

वकीलसाहेबांनी एवढे मान्य केले, पण मग ६९ दिवसांनंतर बाहेर आल्यावर त्या शिस्तीचे काय झाले, असे विचारले. सत्कार झाले, परदेशवाऱ्या झाल्या. पुढे अनेकांची झोप उडाली, कित्येकांना काम मिळेना. २०११ मध्ये त्यांच्यापैकी १४ जणांना सरकारने निवृत्तिवेतन दिले आणि २०१३ मध्ये कोणावरही आरोप न ठेवता फौजदारी तपास बंद झाला. वकीलसाहेबांच्या मते खरी जखम हीच होती. भाऊंच्या मते मात्र त्यांना उपचार आणि काम हे आधी मिळायला हवे होते. कोणी तुरुंगात गेल्याने दुसऱ्याला झोप लागत नाही, असे ते ठासून म्हणाले. मलाही आधी तसेच वाटले.

"झोप लागणार नाही हे खरे," वकीलसाहेब म्हणाले, "पण पुढची पाळी खाली उतरण्यापूर्वी मालक छत तपासून घेईल की नाही?"

भाऊ क्षणभर थांबले. मग त्यांनी चमचा उलटा धरून आधी कट्ट्याच्या दगडावर आणि नंतर टपरीच्या पत्र्यावर ठोकला, आणि सुटू लागलेले छत कसे पोकळ वाजते, ते आम्हाला ऐकवले.