कॉम्बो पाठ झाल्याशिवाय मैदानात उतरू नका, म्हणे

स्ट्रीट फायटर किंवा टेकनसारखा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम नव्याने हातात घेतलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. आधी आपल्या पात्राचे कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडून बसणारे फटके, पाठ करा आणि ते हातात बसेपर्यंत ऑनलाइन फिरकू नका. खेळ सगळा रिफ्लेक्सचा आहे, त्यामुळे पंचविशी ओलांडली असेल तर नाद सोडा. हातातला पॅड ठेवून द्या, पार्लरच्या मशीनवर असते तशी दांडीवाली आर्केड स्टिक घ्या. अवघड चाली एका बटणात काढून देणारे मॉडर्न कंट्रोल्स लावणं म्हणजे चीटिंग. आणि एवढं सगळं करूनही नुसती बटणं बडवणारा एखादा तुम्हाला हरवून जाईलच, त्याला इलाज नाही.

मी हा सल्ला शब्दशः पाळला होता, म्हणून बोलतोय. जून २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ६ आला तेव्हा त्यातलं केन हे पात्र निवडलं आणि तीन आठवडे ट्रेनिंग मोडमध्ये एका निर्जीव पुतळ्याला बदडत बसलो. आठ-नऊ फटक्यांचा एक देखणा कॉम्बो दहातून नऊ वेळा निघायला लागला. मग ऑनलाइन पहिली रँक्ड, म्हणजे क्रमवारीत मोजली जाणारी, मॅच खेळलो. समोरचा एकच गोष्ट करत होता: उडी, हवेतून लाथ, खाली उतरताच पायात झाडू. पुन्हा उडी. मी हरलो. दुसऱ्या मॅचमध्येही हरलो. दोन्ही मॅच मिळून माझा तो देखणा कॉम्बो एकदाही निघाला नाही, कारण तो सुरू करायला आधी एक फटका लागावा लागतो, आणि तो कसा लावायचा हे पुतळ्याने मला शिकवलंच नव्हतं.

कॉम्बो-आधी या सल्ल्यातली खोट नेमकी इथे आहे. कॉम्बो म्हणजे पहिला फटका लागल्यानंतरची वसुली. फटका लागेपर्यंत जे चालतं, त्याला खेळणारे न्यूट्रल म्हणतात, आणि नवखा हरतो तो बहुतेक वेळा तिथेच.

इतिहासातली एक गंमत इथे सांगायला हवी. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये कॉम्बो ठरवून घातलेलेच नव्हते. गाडी फोडायच्या बोनस स्टेजवर काम करताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं, की वेळ अचूक साधली तर एका फटक्याला जोडून दुसरा बसतो. इतकी बारीक वेळ कुणाला साधणार, म्हणून ती गोष्ट तशीच ठेवून दिली. म्हणजे ज्याला आज पाया म्हणून विकलं जातं, ते घर बांधून होत आल्यावर भिंतीत सापडलेलं भुयार आहे. आजच्या गेममध्ये कॉम्बो बिनमहत्त्वाचे आहेत असं मी म्हणत नाही. बरोबरीच्या खेळाडूंमध्ये लागलेल्या फटक्याची पुरेपूर वसुली करणाराच पुढे जातो. पण हिशोब पाहा: स्ट्रीट फायटर ६ मध्ये केनच्या अंगात १०,००० जीव असतो आणि एक साधा थ्रो, म्हणजे समोरच्याला पकडून आपटणं, त्यातले सुमारे १,२०० काढतो. नऊ थ्रो म्हणजे एक राउंड, आणि थ्रोसाठी दोन बटणं एकदम दाबायची असतात. एवढंच.

मग न्यूट्रलमध्ये शिकायचं काय? कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे समजवायला फार शब्द लागू नयेत. चढाईपटू आत येतो आणि पाय लांबवून बोटं टेकवायचा प्रयत्न करतो. कोपऱ्यातला पकडपटू लगेच झेप घेत नाही. तो अर्धं पाऊल मागे सरकतो, लांबवलेला पाय रिकामा जाऊ देतो आणि पाय परत घेतला जायच्या आत घोटा धरतो. स्ट्रीट फायटरमधल्या दोन खेळाडूंचं ते सततचं पुढे-मागे सरकणं हेच आहे. आपली लाथ जिथवर पोचते त्याच्या जरासं बाहेर उभं राहायचं, समोरच्याची लाथ हवेत जाऊ द्यायची आणि तो पाय मागे घेत असताना मारायचं. याला व्हिफ पनिश म्हणतात. पुतळा पाय लांबवत नाही, त्यामुळे त्याच्यावर याचा सराव होत नाही. ट्रेनिंग मोडमध्ये पुतळ्याकडून एखादी चाल रेकॉर्ड करून घेता येते, तो भाग खरंच कामाचा आहे, पण काय रेकॉर्ड करायचं हे आधी कुणाकडून तरी मार खाल्ल्यावरच कळतं.

नवख्याला सुरुवातीला तीन गोष्टी पुरतात असं माझं मत आहे. मागे दाबून ब्लॉक करणं, आणि तेही शक्यतो बसून, कारण पायातले फटके उभ्याने अडत नाहीत. उलट उडी मारून येणाऱ्यासमोर आणि हळू ओव्हरहेडसमोर, म्हणजे बसलेल्याला वरून लागणाऱ्या फटक्यासमोर, उभं राहावं लागतं. उडी मारून येणाऱ्याला हवेतच पाडणं. केनचा बसून मारलेला जोरदार ठोसा एका बटणात हे काम करतो. आणि समोरच्याने शोर्युकेनसारखी, म्हणजे वर उसळून मारलेल्या ठोशासारखी, मोठी चाल करून ती आपल्या ब्लॉकवर आपटली, की तो खाली येईपर्यंत पूर्ण उघडा असतो, तेव्हा न विसरता मारणं. या तिन्हींत कॉम्बो कुठेच नाही.

आता रिफ्लेक्सचं. हा मुद्दा लोकांना सगळ्यात खरा वाटतो, म्हणून जरा थांबू.

हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतात. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला साधारण निरोगी माणसाला पाव सेकंदाच्या आत-बाहेर वेळ लागतो, म्हणजे पंधराएक फ्रेम. ड्राइव्ह इम्पॅक्ट ही भीतिदायक चाल लागायला २६ फ्रेम घेते. उडी मारून जमिनीवर येईपर्यंत जवळपास पाऊण सेकंद जातो. याउलट थ्रो ५ फ्रेममध्ये बसतो, जॅब, म्हणजे हलका झटपट ठोसा, बऱ्याच पात्रांचा ४ फ्रेममध्ये. म्हणजे गेमने चालींचे सरळ दोन ढीग केले आहेत: काही चाली कुणालाही पाहून अडवता येतात, काही जगज्जेत्यालाही पाहून अडवता येत नाहीत, तिथे अंदाजच करावा लागतो. विशीतला मुलगा आणि चाळिशीतला बाप यांच्यातला दोन-तीन फ्रेमचा फरक अधूनमधून जाणवतो, नाही असं नाही, पण पहिल्या वर्षात तुम्ही त्या फरकाने हरत नाही. पाऊण सेकंदाची उडी आपल्याला का लागते? कारण त्या वेळी डोळे आपल्याच पात्रावर असतात आणि डोक्यात पुढच्या कॉम्बोची बटणं चाललेली असतात. नजर समोरच्यावर ठेवली आणि ‘हा आता उडणार’ एवढी एकच शक्यता मनात धरली, तर हात आपोआप वेळेत जातो.

रिफ्लेक्सचा पुरावा म्हणून हटकून दाखवला जातो तो इव्हो या मारामारीच्या गेमांच्या मोठ्या स्पर्धेतला, २००४ चा प्रसंग. स्ट्रीट फायटर ३ थर्ड स्ट्राइक, दाइगो उमेहाराचा केन, जस्टिन वाँगची चुन-ली. दाइगोच्या अंगात जेमतेम थेंबभर जीव उरलेला, आणि चुन-लीच्या सुपरच्या, म्हणजे तिच्या सगळ्यात मोठ्या चालीच्या, पंधराही लाथा त्याने एकेक करून पॅरी केल्या, म्हणजे नेमक्या क्षणी जीव न गमावता परतवल्या, आणि सामना जिंकला. पण त्या क्षणाची परिस्थिती पाहा. त्या गेममध्ये स्पेशल (पात्राची खास चाल) किंवा सुपर ब्लॉक केला तरी थोडा जीव जातोच. म्हणजे वाँगने सुपर टाकणं हाच सगळ्यात सरळ मार्ग होता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. दाइगो त्याचीच वाट पाहत होता. लाथांचा ताल त्याने आधी घोटलेला होता, गाणाऱ्याला समेची जागा ठाऊक असावी तसा. आणि एवढा पराक्रम करूनही ती स्पर्धा तो जिंकला नाही; अंतिम फेरीत केंजी ओबाताकडून हरला. व्हिडिओ फिरवणारे हे सांगत नाहीत.

वयाचंच बोलायचं तर हांगझोऊच्या आशियाई खेळांकडे बघा. २०२३ मध्ये तिथे स्ट्रीट फायटर ५ ला पदक होतं, भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. सुवर्ण घेतलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वय ४४.

स्टिकवर फार वेळ घालवत नाही. २०१४ च्या इव्होत अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ चं विजेतेपद फ्रान्सच्या लफीने जिंकलं, ते पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर. माइक बेगम, म्हणजे ब्रोलीलेग्ज, जन्मजात आजारामुळे हात वापरू शकत नसे. तो तोंडाने पॅड चालवायचा आणि स्पर्धांमध्ये उतरायचा. ज्या पॅडवर तुम्ही बाकीचे गेम खेळता, त्यावरच खेळा. स्टिकचे पैसे वाचवा.

मॉडर्न कंट्रोल्सबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी बोलायला हवं. स्ट्रीट फायटर ६ मध्ये या पद्धतीत स्पेशल चाल एका दिशेने आणि एका बटणात निघते, आणि उडीवर शोर्युकेन काढणं सोपं जातं हे खरंच आहे. पण त्याची किंमत गेमनेच लावली आहे: अशा सोप्या मार्गाने काढलेल्या चालीचा मार २० टक्के कमी बसतो, शिवाय पात्राचे काही साधे ठोसे-लाथा मिळतच नाहीत. नियमात बसणारी, स्पर्धेत चालणारी आणि किंमत मोजून घेतलेली गोष्ट चीटिंग कशी? मी स्वतः जुन्या, क्लासिक पद्धतीवरच राहिलो, कारण पार्लरमध्ये एक-एक टोकन टाकून हाडोकेनचा, म्हणजे हातातून गोळा फेकायच्या चालीचा, पाव गोल फिरवायला शिकलेल्या हाताची खोड जात नाही. ती माझी खोड आहे, नियम नाही.

राहिला बटणं बडवणारा. आमच्या मावसभावाने दिवाळीच्या सुट्टीत टेकन ३ मध्ये एडी गोर्डो हे पात्र घेऊन दोन्ही लाथांची बटणं आलटून-पालटून बडवत अख्ख्या बिल्डिंगला रडवलं होतं. त्याला कुणी थांबवू शकत नव्हतं, कारण आम्ही सगळे त्याच्या मधेच घुसायला बघायचो. एडीच्या त्या गरगरीत बऱ्याच लाथा पायात येतात आणि प्रत्येक फेरीला कुठेतरी खंड पडतो. बसून ब्लॉक केलं असतं आणि खंडात एकच ठोसा मारला असता, तरी भाऊ निम्म्याने नरम पडला असता. पण ब्लॉक करणं आम्हाला भित्रेपणा वाटायचा. बडवणारा जिंकतो तो नशिबाने नाही. तो एक अवघड प्रश्न विचारतो आणि आपल्याला उत्तर पाठ नसतं.

मला माझ्या उडीवाल्याचं उत्तर तिसऱ्या मॅचमध्ये सापडलं. कॉम्बो डोक्यातून काढून टाकला, खाली दाबून बसलो आणि ठरवलं की जोरदार ठोशाशिवाय एकही बटण दाबायचं नाही. पहिल्या उडीला उशीर झाला. दुसरी आणि तिसरी मात्र हवेतच पाडली. मग तो थबकला, दोन पावलं मागे गेला. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो, तेवढ्यात तो शांतपणे चालत आला आणि त्याने मला थ्रो केलं.