‘कुजलेलं शेवाळ’ आणि नववा नंबर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या किनाऱ्यांना पसंतीचे नंबर देत मी लिहिलेल्या लेखाखाली काल रात्री आपली प्रतिक्रिया वाचली. आपण नाव दिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार. इतर वाचकांना शोधाशोध करावी लागू नये म्हणून त्यातलं मुख्य वाक्य इथे जसंच्या तसं देते: “कुजलेल्या शेवाळाचे ढीग पडलेले किनारे पहिल्या पाचात घालायचे आणि ला पेलोसाला नववा नंबर द्यायचा, हे समुद्र म्हणजे फक्त मासे एवढंच ठाऊक असलेल्या कोकणी माणसालाच सुचू शकतं.”

(ला पेलोसा हा स्तिंतीनो गावाजवळचा किनारा.) त्याखेरीज बसची माहिती चुकली, शाकाहारी जेवणाबद्दल एक ओळ नाही आणि काला मारियोलू या किनाऱ्याचं नावसुद्धा नाही, अशा तीन तक्रारी आहेत. शेवटी म्युनिकच्या घरातल्या शोकेसमधल्या वाळूच्या बाटलीबद्दल आपण लिहिलंय. बाटलीकडे मी शेवटी येते.

बसचं आपलं बरोबर आहे. सास्सारीहून स्तिंतीनोला बस जाते, एवढं लिहून मी मोकळी झाले होते. उन्हाळ्यात फेऱ्या पुष्कळ असतात, एरवी तुरळक, हे लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार. जेवणाचं म्हणाल तर लेख किनाऱ्यांवरचा होता. आणि काला मारियोलू मी बोटीतून लांबून पाहिला आहे, उतरले नाही. जिथे पाय टेकवला नाही तिथे मी नंबर देत नाही.

आता ते वाक्य. माझे नंबर कुणाला पटले नाहीत तर मला राग येत नाही, लेख लिहिला की ते गृहीतच धरलेलं असतं. राग आला तो ‘कोकणी माणसालाच’ या शब्दांचा. काल रात्री झोपताना तेच डोक्यात होतं आणि सकाळी चहा करतानाही तेच. म्हणून सांगते. माझं माहेर देवबागजवळ. मालवणच्या दक्षिणेला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर वसलेलं हे गाव. माझे आजोबा रापण ओढायचे. हो, समुद्र म्हणजे मासे, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण समुद्र म्हणजे वाळू, हेही मी तिथेच शिकले. मी तिसरीत असताना पावसाळ्याच्या एका रात्री घरामागची माडांची रांग गेली. सकाळी आजी पायरीवर बसून एवढंच म्हणाली, “दर्यान माड खाल्ल्यान.” नंतर काळ्या दगडांचा बंधारा आला आणि बंधाऱ्यापुढची वाळू दिसेनाशी झाली. ज्या वाळूवर मी धावायला शिकले, तिथे आज उभं राहायला जागा नाही. तेव्हा किनारा बघायची नजर मला कुठून आली, हा प्रश्न आपण मला विचारायला नको होता.

आणि ‘शेवाळ’. ते शेवाळ नाही. लेखात मी त्याचं नाव दिलं होतं, पोसिडोनिया. आपण लेख पूर्ण वाचला असता तर ते दिसलं असतं. ही मुळं, खोड, पानं असलेली फुलझाडाच्या कुळातली वनस्पती आहे. शरद ऋतूत पाण्याखाली तिला फुलं येतात. मे-जूनच्या सुमारास तिची हिरवी फळं तरंगत काठाला लागतात, इटालियन लोक त्यांना समुद्राची ऑलिव्हं म्हणतात. तिची ही जात जगात फक्त भूमध्य समुद्रात आहे. फितीसारखी पानं मीटरभर लांब होतात. पाणी स्वच्छ असेल तर चाळीस मीटर खोलीपर्यंत तिची कुरणं पसरलेली असतात, आणि हे सगळं वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर पुढे सरकत वाढतं. एका बोटीने नांगर टाकून ओढला की कित्येक वर्षांची वाढ उपटून येते.

आपल्याला सार्डिनियाचं जे पाणी आवडलं, ते काचेसारखं का दिसतं? त्याचं एक मोठं कारण ही कुरणं आहेत. ती प्रवाहाचा जोर मोडतात आणि पाण्यातला गाळ खाली बसतो. फिक्या निळ्या पाण्यात अधूनमधून गडद डाग दिसतात, ते हेच गवत. आपल्या फोटोतही ते असणार, बघा. मद्दालेना द्वीपसमूहातल्या बुदेल्ली बेटावरचा गुलाबी किनारा आपण ऐकून असाल. तो गुलाबी रंग कुठून आला? या गवताच्या बुडाशी राहणारा लाल कवचाचा एक सूक्ष्म जीव असतो. तो मेला की कवचाचा चुरा वाहून किनाऱ्यावर येतो. लोकांनी ती वाळू मुठीमुठीने नेली. शेवटी नव्वदच्या दशकापासून तिथे पाऊल ठेवायला बंदी झाली, आता लांबूनच पाहायचा.

तर ते ‘ढीग’. झडलेली पानं वादळात काठावर येऊन साचतात. ऑगस्टच्या उन्हात, वारा नसलेल्या कोपऱ्यात त्याला वास येतो. येतोच, मी नाकारत नाही. पण मी ते ढीग जानेवारीतही पाहिले आहेत. गेली अकरा वर्षं मी इटलीतल्या जेनोव्हा शहरात राहते. रात्रीच्या फेरीबोटीने सार्डिनियाच्या पोर्तो तोर्रेस बंदरात उतरायचं आणि पुढे बसने किंवा गाडीने जायचं, असं मी सहा वेळा केलंय. त्यातली एक खेप जानेवारीतली. अल्गेरोच्या मारिया पिया किनाऱ्यावर वायव्येकडून माएस्त्राले नावाचा वारा सुटला होता. उभं राहता येत नव्हतं, डोळ्यांत वाळू जात होती. लाटा येऊन त्या तपकिरी पानांच्या थरावर आपटत होत्या आणि तिथेच फुटत होत्या. थर माझ्या कमरेएवढा होता, गादीसारखा दबणारा, आणि त्याच्या मागे वाळू जशीच्या तशी होती. मी तिथे तासभर उभी होते. नवरा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. मला त्याला सांगता येईना की मी का रडतेय. आमच्या घरामागे त्या रात्री असं काही असतं तर, एवढंच डोक्यात होतं.

म्हणून तो किनारा पहिल्या पाचात आहे. आपल्याला पटो न पटो.

यंत्राने ती पानं उचलून नेली की त्यांच्याबरोबर वाळूही उचलली जाते. पर्यटकांना किनारा ‘साफ’ हवा असतो, म्हणून हे होतं. आणि गेलेली वाळू परत आणणं किती कठीण, ते काल्यारीत जाऊन बघा. पोएत्तो हा शहराला लागून असलेला आठेक किलोमीटरचा किनारा. झिजला म्हणून २००२ मध्ये समुद्रतळातून उपसलेली वाळू तिथे आणून टाकली. पिठासारख्या पांढऱ्या वाळूच्या जागी करडी, जाड वाळू आली. मी तिथे एका आजोबांशेजारी बाकावर बसले होते. ते नातवाला जुन्या वाळूचा रंग समजावून सांगत होते, आणि पोरगं समोरच्या वाळूकडे बघून मान हलवत होतं. तरीही पोएत्तो माझ्या यादीत आहे, कारण मागच्या मोलेंतार्जुसच्या पाणथळीत रोहित पक्षी असतात आणि तिथे शहराच्या बसने जाता येतं. रोहितांना तिथले लोक ‘जेंती अर्रुबिया’ म्हणतात, म्हणजे लाल माणसं.

ला पेलोसाबद्दल मी काय लिहिलं होतं, ते आपण बहुतेक वाचलंच नाही. सुंदर नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात कितीतरी आत चालत जाता येतं, समोर सोळाव्या शतकातला बुरूज, पलीकडे आसिनारा बेट. पण तो किनारा थकलाय. दिवसाला दीड हजार माणसांची मर्यादा, साडेतीन युरोचं तिकीट आणि टॉवेलखाली चटई अंथरायची सक्ती, हे नियम हौसेने झालेले नाहीत. ओल्या टॉवेलला चिकटून वाळू जायची, म्हणून चटई. मी तिकिटावर ‘कुरकुर’ केली असं तुम्ही लिहिता. मी लिहिलं होतं की तिकीट योग्यच आहे! परत वाचा. थकलेल्या जागेला मी पहिला नंबर देऊन आणखी हजार मराठी माणसं ऑगस्टमध्ये तिकडे पाठवणार नाही. आमच्या गावाचं काय झालं ते मी पाहिलंय.

तुमच्या तीन दिवसांच्या सहलीवर मी काही बोलणार नव्हते. पण “आम्ही प्रत्यक्ष राहून आलोय” हे तुम्ही मला ज्या सुरात ऐकवलंत, तो सूर मी माझ्या सासूकडूनही कधी ऐकून घेतला नाही. एखाद्या बाईने किनाऱ्यांवर लिहिलं की तिला आधी ‘बाईंनी बहुधा’ म्हणायचं आणि मग शिकवायला बसायचं, हे थांबवा. बसची चूक जशी दोन ओळींत नीट सांगितलीत, तसंच बाकीचंही सांगता आलं असतं.

आता बाटली. तुम्ही लिहिलंय: “इस आरुतासची शुभ्र वाळू आमच्या शोकेसमध्ये आहे, त्यात शेवाळाचा एक कण नाही.” इस आरुतास माझ्या यादीत पहिला आहे. सिनिस द्वीपकल्पावर, तांदळाच्या कणीसारखे क्वार्ट्झचे दाणे, काही पांढरे, काही फिके गुलाबी, काही हिरवट. तुम्हाला तो आवडला, याचा मला खरोखर आनंद झाला. पण तिथून वाळू उचलणं हा गुन्हा आहे. २०१७ च्या प्रादेशिक कायद्याने पाचशे ते तीन हजार युरो दंड आहे. २०१९ मध्ये एक फ्रेंच जोडपं पोर्तो तोर्रेसच्या धक्क्यावर चाळीस किलो वाळूसकट पकडलं गेलं. तुमची एकच बाटली आहे, हे मला कळतं. प्रत्येकाची एकच असते.

कित्येक लोक पश्चात्ताप होऊन वाळू पोस्टाने परत पाठवतात, आणि तिथे ती पुन्हा किनाऱ्यावर नेऊन टाकतात. पुढच्या मे महिन्यात मी सिनिसला जाणार आहे. म्युनिकहून जेनोव्हाला पार्सल यायला फार दिवस लागत नाहीत. हवं असेल तर कळवा, मेलवर पत्ता देते. बाटली पाठवलीत तर मी ती इस आरुतासला पाण्याच्या काठाशी ओतून येईन आणि तुम्हाला फोटो पाठवेन.