जुने पेन्शनर संपेपर्यंत काय?

2005 नंतरचे कर्मचारी एनपीएसमध्ये (दरमहा अंशदानावर चालणाऱ्या नव्या पेन्शन योजनेत) असल्याने महापालिकांचा पेन्शनचा बोजा 'आपोआप उतरेल', हे लेखातलं विधान पटलं नाही. 2004 साली चोविसाव्या वर्षी लागलेला लिपिक निवृत्त होणार 2038 मध्ये. त्याच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन आहेच. तोवर नव्या लोकांसाठी नियोक्त्याचा 14 टक्के हिस्सा दरमहा रोखीने भरायचा आणि जुन्यांचं पेन्शनही चालू ठेवायचं. म्हणजे मधली बरीच वर्षं बोजा दुहेरीच.

दुसरं म्हणजे, अंदाजपत्रकात मासिक पेन्शन नीट धरतात, फसतं ते निवृत्तीच्या वर्षी. समजा शेवटचं मूळ वेतन 60 हजार, महागाई भत्ता 30 हजार, सेवा 33 वर्षं. पेन्शन मूळ वेतनाच्या निम्मं, 30 हजार. त्यातले 40 टक्के विकले, म्हणजे तेवढ्या पेन्शनऐवजी एकरकमी पैसे घेतले, तर त्या हिश्शाच्या वर्षाच्या रकमेला 58 व्या वर्षी लागणाऱ्या 8.371 या गुणकाने गुणून 12 लाखांच्या वर जातात. उपदान (ग्रॅच्युइटी) वेतन आणि भत्ता मिळून साडेसोळा पट, म्हणजे 14.85 लाख. 300 दिवसांच्या शिल्लक अर्जित रजेचे रोख 9 लाख. एका माणसामागे जवळपास 36 लाख! 1990 च्या आसपास एकगठ्ठा भरती झाली असेल तर ही माणसं जातातही एकगठ्ठाच. जन्मतारखा सेवापुस्तकात असतात, पुढच्या दहा वर्षांची वर्षवार यादी आस्थापना विभाग आठवड्यात काढू शकतो. त्यावर दर दोन-तीन वर्षांनी ॲक्च्युअरीकडून (अशा भावी देण्यांचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाकडून) मूल्यांकन करून घ्यावं आणि निधी वेगळ्या खात्यात ठेवावा. सर्वसाधारण निधीतली 'राखीव' ठेव ठेकेदारांच्या बिलांत कधी विरघळते ते कळतही नाही. आणि हो, विकलेला हिस्सा 15 वर्षांनी पुन्हा सुरू होतो, तोही धरा.