सिस्टीन चॅपेलमध्ये गाइड गप्प का होता: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रोमच्या दिवशी तुमचा विरस झाला, त्याबद्दल माफी मागतो. पण तुमच्या रिव्ह्यूत "गाइड सिस्टीन चॅपेलमध्ये मूग गिळून उभा राहिला, पंधरा मिनिटांत बाहेर काढलं, पैसे पाण्यात" हे वाचल्यापासून मला चैन नाही. आमचा धंदा लहान आहे, लोक रिव्ह्यू वाचूनच फोन करतात.

ताई, सिस्टीन चॅपेल म्हणजे व्हॅटिकनमधलं पोपचं प्रार्थनागृह, तिथे बोलायला मनाई आहे. आमच्याच नाही, कुणाच्याच गाइडला आत समजावून सांगता येत नाही. कुजबुज वाढली की पहारेकरी "सिलेंझियो" (शांत राहा) म्हणून ओरडतात, ते तुम्हीही ऐकलंच असेल. म्हणून सगळी माहिती आधीच, व्हॅटिकन म्युझियममध्ये तो ब्राँझचा भलामोठा पाइनशंकू आहे ना, त्या चौकातल्या फलकांपुढे देतात. आमच्या माणसाने तिथे चांगली ४० मिनिटं घसा कोरडा केला. त्याने सांगितलं ते असं: मायकलँजेलोने चॅपेलचं छत १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलं, तेही आडवं पडून नाही, परांचीवर उभं राहून, मान वर करून. वेदीमागचं 'अंतिम न्याय' हे चित्र त्यानंतर जवळपास पंचवीस वर्षांनी, १५३६ ते १५४१. त्यातल्या संत बार्थोलोम्यूच्या हातातल्या सोललेल्या कातडीवर त्याने स्वतःचाच चेहरा काढला, असं मानतात. बाजूच्या भिंती तर त्याच्या नव्हेतच. बोत्तिचेल्ली, पेरुजिनो वगैरे चित्रकार मंडळींनी त्या १४८१-८२ मध्येच रंगवल्या होत्या. हे सगळं चालू असताना तुम्ही आणि तुमच्या बहीणबाई कॉफीच्या रांगेत होतात. कपासकट फोटो ग्रुपवर तुम्हीच टाकलात. मग तुम्हाला शोधण्यात वेळ गेला, आणि तो आतल्या वेळेतूनच कापावा लागला. बाकीचे एकोणतीस जण काही बोलले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

राग म्हणून नाही सांगत. फोटोबंदीही तिथलीच आहे, आमची नाही.

जेवणाचं जे लिहिलंत ते मान्य, त्यात लक्ष घालतो. पुढच्या ग्रुपला निघण्याआधी ऑफिसात चित्रं दाखवायचा विचार आहे, आतला वेळही जमेल तसा वाढवू.

आणि दारात खांदे झाकायला आमच्या मॅनेजरबाईंनी स्वतःची ओढणी दिली होती, ती राहू द्या, परत पाठवायची तसदी नको.