पोचपावती

शुक्रवारी दुपारी मी डबा उघडून पहिला घास मोडत होतो, तेवढ्यात शिपायाने समोर एक कागद ठेवला आणि तो मिळाल्याबद्दल माझी सही घेतली. कागदावर लिहिले होते : 'आपल्या पथकाने परत सोडलेल्या चार श्वानांपैकी एक श्वान मूळचा नसल्याची, तसेच त्याचा कान सदोष असल्याची तक्रार प्राप्त झाली असून, याबाबत आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' खाली साहेबांची सही होती. सहीखाली तारीख मात्र नव्हती, त्यामुळे हे तीन दिवस कधीपासून धरायचे, हेही ठरवायचे काम माझ्याकडेच आले होते.

महापालिकेच्या श्वान पथकात मला सतरा वर्षे झाली. (महापालिका कोणती, ते सांगत नाही, निवृत्तीला अजून नऊ वर्षे आहेत.) या काळात मला पाच वेळा कुत्री चावली, एका बाईंनी दुसऱ्या मजल्यावरून कपडे भिजवलेली बादली माझ्यावर ओतली, आणि एक गृहस्थ स्वतः आमच्या पिंजऱ्याच्या दारात बसून 'आधी मला न्या' असे म्हणत होते. हे सगळे मी नोकरीचा भाग म्हणून सोडून दिले. परंतु कुत्रा बदलल्याचा आरोप माझ्यावर पहिल्यांदाच झाला. दूधवाल्यावर पाण्याचा किंवा सोनारावर घटीचा आळ आला तर निदान त्यांचा त्यात काही फायदा तरी असतो. रस्त्यावरचा एक कुत्रा ठेवून घेऊन त्याच्या जागी रस्त्यावरचाच दुसरा कुत्रा देण्यात माझा कोणता फायदा असावा, याचा विचार करता करता भाजी गार झाली.

तक्रारदार एका सोसायटीचे सचिव आहेत. ते कुठल्याशा लेखा खात्यातून निवृत्त झाले. पण लेखा खाते त्यांच्यातून निवृत्त झालेले नाही. आवारातली भटकी कुत्री उचलावीत म्हणून त्यांनी वर्षभरात अकरा अर्ज केले होते आणि प्रत्येक अर्जात आधीच्या सर्व अर्जांचे आवक क्रमांक लिहिले होते. बाराव्या अर्जाआधी आम्ही गाडी घेऊन गेलो.

कुत्री पकडण्याआधी आम्हाला तसे जाहीर करावे लागते. या परिसरातील श्वानांना निर्बीजीकरण आणि लसीकरण यांसाठी नेण्यात येत असून नंतर त्यांना याच ठिकाणी सोडण्यात येईल, असे लोकांना कळवल्याशिवाय जाळे काढायचे नसते. नियमामागचा हेतू चांगला आहे, परंतु चोराने दवंडी पिटून घरफोडीला जावे, तसा हा प्रकार होतो. माणसे त्या कर्ण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि कुत्री मात्र पहिल्या वाक्यालाच पांगतात. त्यांना आमच्या गाडीचा आवाज पाठ असतो, म्हणून आमचा चालक उतार मिळाला की इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत आणतो. त्यानंतर कर्णा सुरू करून त्या सगळ्या कौशल्यावर पाणी ओतायचे काम माझे.

त्या दिवशी सचिव फाटकातच उभे होते. अंगात बनियन, चष्म्याला दोरी आणि काखेत दोनशे पानी वही.

"किती नेणार?" त्यांनी विचारले.

"सापडतील तितकी. आपल्या अर्जात सात लिहिली आहेत."

"सात नव्हेत, साडेसहा. एक अर्धा वेळ समोरच्या सोसायटीत असतो. त्याचा खर्च त्यांच्याकडूनही वसूल करा."

निर्बीजीकरणाचा खर्च नागरिकांकडून घेत नाहीत, असे मी सांगितले. तेव्हा 'मग त्यांना फुकट कशासाठी?' असे ते म्हणाले. तासाभराच्या पळापळीनंतर चार कुत्री जाळ्यात आली. एका कुत्रीची पिले अजून अंगावर पीत होती, म्हणून तिला हात लावता आला नाही. दोन पिले सहा महिन्यांच्या आतली होती, त्यांनाही सोडले. ही तिन्ही वजाबाकी सचिवांनी वहीत नोंदवली आणि मग चार कुत्र्यांची पावती मागितली.

पावतीची पद्धत आमच्याकडे नाही. आम्ही प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात क्रमांकाचा बिल्ला अडकवतो आणि कोणता कोठून उचलला, ते नोंदवहीत लिहितो. हे त्यांना पुरेना. "उद्या तुम्ही नाही म्हणालात तर?" असे त्यांचे म्हणणे. ऊन चढले होते, गाडीतली चारही कुत्री एका सुरात भुंकत होती आणि माझ्या हातमोज्याच्या फाटलेल्या बोटातून घाम गळत होता, म्हणून मी एका कोऱ्या कागदावर वर्णन लिहू लागलो : 'नर, तपकिरी, पोट पांढरे, शेपूट डावीकडे वळलेली.'

"डावीकडे म्हणजे कोणाच्या? कुत्र्याच्या की पाहणाऱ्याच्या?"

मी 'पाहणाऱ्याच्या' असे लिहिले. पाहणारा कुत्र्याच्या पुढे उभा आहे की मागे, हेही स्पष्ट करावे, असे त्यांनी सुचवले. आता मागे वळून पाहता, हा खुलासा मी त्याच क्षणी स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला होता.

आमच्या धंद्याचा पूर्वेतिहास फारसा मानाचा नाही, हे मी मान्य करतो. १८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेची मुदत वाढवली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते आणि त्या लोभाने कुत्रेमारे पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान असल्यामुळे लोक रस्त्यावर उतरले, शिपायांना मार बसला, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि कुलाब्याच्या फौजेची रसद अडली. मारणाऱ्यांचा मी वारस आहे असे समजून आजही लोक माझ्याकडे बघतात. आता दांडके नाही, जाळे आहे. बक्षीस नाही, खुलासा आहे. १८३२ साली निदान कोणी पावती मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.

पाचव्या दिवशी, टाके पाहून आणि डॉक्टरांनी सोडायला हरकत नाही असे सांगितल्यावर, आम्ही चारही कुत्री घेऊन त्याच फाटकाशी आलो. सचिव वहीसकट हजर होते.

"परत का आणलीत?" ते म्हणाले. "मी उचलायला सांगितले होते."

नियमाप्रमाणे कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडावे लागते, हे मी त्यांना सांगितले. जागा रिकामी राहिली की बाहेरची, लस न दिलेली कुत्री त्या जागी येतात. ही परत आली तर ती आपली हद्द राखतात आणि त्यांची पुढची वीणही होत नाही, हेही सांगितले. हे भाषण मी हजार वेळा केले असेल, आणि मला ते पटते. सचिवांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे उंदीर सापळ्यात धरायचा, त्याला सुई टोचायची आणि पुन्हा त्याच फडताळात सोडायचा?"

यावर मला तत्काळ उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

त्यांच्या वहीत ११ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचे कात्रण चिकटवलेले होते, त्यात दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत असे म्हटले होते. तो आदेश दिल्लीपुरता होता असे मी म्हणतो न म्हणतो तोच, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्या रोज रात्री कुत्र्यांना भात घालतात, २२ ऑगस्टचे कात्रण घेऊन खाली उतरल्या. त्या दिवशी न्यायालयाने तो आदेश बदलला होता. रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांना निर्बीजीकरण आणि लसीकरण करून मूळ जागी सोडावे, असे सांगितले होते. अकरा दिवसांच्या अंतराने निघालेली दोन कात्रणे माझ्या नाकासमोर फडफडत होती आणि त्या दोघांच्या मधोमध मी पिंजऱ्याच्या दाराची कडी धरून उभा होतो. बाईंनी जाता जाता माझे चित्रीकरण केले. तेही केले नसते तर मला चुकल्यासारखे वाटले असते.

मग तपासणी सुरू झाली. तीन कुत्री वहीशी जुळली. तिसऱ्यानंतर तो तपकिरी नर उतरला आणि सचिवांनी हात वर केला.

"हा आमचा नव्हे."

"बिल्ला क्रमांक पाहा. वर्णन पाहा. तपकिरी, पोट पांढरे."

"कान फाटका आहे. नेला तेव्हा अखंड होता."

कानाचा तो व्ही आकाराचा छेद ही शस्त्रक्रिया आणि लस झाल्याची खूण असते. भूल दिलेली असतानाच तो देतात आणि त्यामुळे दुरूनही कळते की या कुत्र्याला पुन्हा पकडायला नको. हे ऐकून ते म्हणाले, "खूण करायची तर रजिस्टरात करावी. मालावर कसली खूण करता? फुटका माल मी नोकरीत कधी उतरवून घेतला नाही." शिवाय त्यांच्यापाशी निर्णायक पुरावा होता. "मी चार वर्षे रोज सकाळी त्याला काठी दाखवतो. आमचा कुत्रा पिंपळाकडे पळतो. हा पाण्याच्या टाकीकडे पळाला."

पाच दिवस पिंजऱ्यात काढलेल्या जिवाला पिंपळ आठवला नसेल, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि माझ्या नोंदवहीत सुवाच्य अक्षरांत लिहिले : 'तीन श्वान प्राप्त. एक श्वान अमान्य, कान सदोष.' खाली सही, तारीख आणि वेळ.

त्या क्षणी मला खरोखर राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर इलाज उरत नाही, हे मी पुस्तकात वाचण्याच्या आधी एका घरात पाहिले आहे. त्याबद्दल येथे अधिक लिहिणार नाही. ज्या कानाला हे गृहस्थ फुटका माल म्हणत होते, तो त्या आवारातल्या प्रत्येक पोराच्या पोटरीचा विमा आहे. तो कान मिळावा म्हणून माझ्या पथकातली पोरे फाटके हातमोजे घालून गटारात उतरतात. नव्या हातमोज्यांची मागणी मी फेब्रुवारीत केली. तिच्यावर 'चर्चा करावी' असा शेरा आला आहे. चर्चेला मात्र अजून कोणी बोलावलेले नाही. एका कुत्र्याच्या शेपटीचा खुलासा मागायला तीन दिवस पुरतात. माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या बोलण्यात वहिनींनी 'आमचे भावजी पशुसंवर्धनात असतात' असे सांगितले, तेव्हा मी गप्प राहिलो. साहेबांनी निदान सचिवांना फोन करून हसायला हवे होते. त्यांनी फाइल उघडली. आता हिशेबात चार कुत्री गेली, तीन परत आली आणि लेखापरीक्षणात एक कुत्रा अधांतरी राहिला, जो प्रत्यक्षात रोज रात्री दुसऱ्या मजल्याचा भात खातो.

खुलाशासोबत कुत्र्याचे शेपटीसह छायाचित्र जोडावे, असे लिपिकाने सुचवले, म्हणून शनिवारी संध्याकाळी मी गणवेश न घालता, एकटाच सोसायटीत गेलो. गणवेशाचा काही उपयोग नसतो. कुत्र्यांना आमचा वास कळतो. तपकिरी कुत्र्याने मला फाटकातच ओळखले आणि तो धावत सुटला, तो थेट पिंपळाकडे. मी मोबाइल काढेपर्यंत तो तेथून निघून सचिवांच्या स्कूटरखाली शिरला आणि त्याने शेपूट अशी पायांत घातली की ती डावीकडे वळते की उजवीकडे, हे कोणत्याही पाहणाऱ्याला, पुढून वा मागून, सांगता आले नसते. मी गुडघ्यांवर बसून स्कूटरखाली वाकलो असताना मागून आवाज आला.

"कशाला छळता हो बंड्याला? आधीच कान कापलात त्याचा."

सचिवांच्या एका हातात वाटी होती आणि तिच्यात दुधात कुस्करलेली पोळी होती.

"बंड्या म्हणजे हाच ना?" मी उठून गुडघे झटकत विचारले. "तपकिरी, पांढऱ्या पोटाचा?"

"मग दुसरा कोण असणार? चार वर्षे खातोय माझ्या हातचे."

मी खिशातून पेन काढले आणि हेच एवढे एका ओळीत लिहून देण्याची त्यांना विनंती केली. ते वाटी खाली ठेवता ठेवता थांबले आणि माझ्याकडे, समजूत नसलेल्या माणसाकडे पाहावे तसे, चष्म्यावरून पाहू लागले.

"कुत्र्याच्या बाबतीत," ते म्हणाले, "कोणी लेखी देतो का?"